मधली जागा

१

“तिका मधी बसव. तिका कायएक म्हायत नाय, ती बोलतली.”

रेवानं हे ऐकलं तेव्हा तिच्या हातात ओला टॉवेल होता आणि पायात सासूबाईंच्या सपाता. मस्कतला येऊन तिला आठवडाही झाला नव्हता. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जो एक वीतभर पॅसेज होता, तिथं ती थबकली. आत सासूबाई, म्हणजे वसुंधराबाई, नवऱ्याशी बोलत होत्या. दोघांचं आपसातलं बोलणं मालवणीत चालायचं. सुनेशी बोलताना दोघंही पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, त्यामुळे मालवणी सुरू झाली की विषय आपल्यासाठी नाही, एवढं रेवाला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

“आणि अजिंक्य?” सासऱ्यांचा आवाज.

“तेका आता सोडवा. पुरे झाला.”

रेवा आल्या पावली मागे गेली आणि टॉवेल उगाच पुन्हा पिळत बसली. ती मूळची कराडची. कोकणातल्या या घराच्या लेखी ‘घाटावरची’. आपल्याबद्दल लोक काय काय बोलू शकतात याची तिला कल्पना होती: भाकरी येते पण मासा साफ करता येत नाही, केस पातळ आहेत, हसत नाही. पण ‘ती बोलेल’ असा आरोप तिच्यावर आजवर कुणी केला नव्हता. घरी तिला मुकी म्हणायचे. लग्न जुळवताना तिच्या आत्यानं हाच गुण पुढे केला होता, “मुलगी बोलत नाही हो अजिबात.” पलीकडच्या लोकांनी लगेच होकार दिला होता.

पण तिला नेमकं काय माहीत नव्हतं?

नव्या सुनेच्या मनात अशा प्रश्नाला दोनच उत्तरं येतात. एक, नवऱ्याची आधीची कुणीतरी. दोन, आजार. अजिंक्यकडे बघून पहिलं काही पटेना. तो इतका सरळ होता की खोटं बोलायच्या आधी त्याचे कान लाल व्हायचे. राहता राहिलं दुसरं. आणि मग तिला ती बाटली आठवली.

अजिंक्य जिथं जाईल तिथं दोन लिटरची निळी बाटली बरोबर न्यायचा. लग्नाच्या मांडवातही ती भटजींच्या पाटामागे ठेवलेली होती. फोटोग्राफर दोनदा म्हणाला, बाटली काढा, आणि दोन्ही वेळा सासूबाईंनीच ती परत आणून ठेवली.

२

दार्सैतमधला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. खिडकीतून एक उघडाबोडका तपकिरी डोंगर दिसायचा, इतका जवळ की वाटे हात लावला तर नखात माती येईल. देवळातली आरती, रुवीकडे जाणाऱ्या टॅक्स्यांचे हॉर्न आणि एसीची घरघर एवढे त्या घराचे आवाज. आणि संध्याकाळी टीव्ही.

मालिकेचं नाव होतं ‘वाळीतले’. गावानं वाळीत टाकलेली काही घरं, त्यातली माणसं मेली, आणि आता मेल्यावर परत येऊन एकेका गावकऱ्याकडून हिशेब चुकता करतात अशी ती गोष्ट. दर आठवड्याला एक गावकरी संपायचा. आधी गिरणीवाला संपला, मग सुईण. महाराष्ट्रात लोक ती जेवणं आटोपून, दिवे बारीक करून बघत असतील. इथं घड्याळ मागे असल्यामुळे भुतं यायची तेव्हा डोंगरावर अजून उजेड असायचा आणि खालच्या दुकानात कुणीतरी खुबूसच्या रोट्या घेत असायचं. रेवाला ती मालिका विनोदीच वाटली. भुतांच्या तोंडाला पिठासारखी पावडर, आणि कुणी डब्याचं झाकण उघडलं तरी पाठीमागे ढोल.

बसायच्या जागा मात्र ठरलेल्या. टीव्हीसमोर तीन माणसांचा सोफा. एका टोकाला वसुंधराबाई, मांडीवर भाजीची परात. त्यांची नजर परातीतून वर यायचीच नाही. दुसऱ्या टोकाला अजिंक्य, ऑफिसातून आला असेल तर, फोनमध्ये. मधे रेवा. आणि सासरे, रमण, यांची खुर्ची सोफ्याच्या मागे. बरोबर मधे. एवढी मोठी खोली सोडून माणूस सोफ्याच्या पाठीला गुडघे टेकवून बसतो कशाला, असं तिनं पहिल्या दिवशी मनात म्हटलं. त्यांच्या हातात पेपर असे. पानं उलटल्याचा आवाज काही येत नसे.

म्हणजे मालिका सगळ्यांना लागायची, पण बघत एकटी रेवा होती.

तिला मधे बसवलं त्या पहिल्याच संध्याकाळी, भाग अर्ध्यावर आलेला, आणि एक प्रसंग आला. पडक्या घराच्या ओसरीवर एक म्हातारा बसलेला. तोंडाला पावडर नाही. ढोल नाही, संगीतच नाही. कॅमेरा एका जागी खिळल्यासारखा. म्हाताऱ्यानं हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा… गावान आमका वाळीत टाकल्यानी. आमच्याशी कोण बोलले नाय, आमका पाणी दिल्यानी नाय, आमच्याकडे कोणी बघल्यानी नाय. आमचा काय चुकला, ता ह्या घरातल्या माणसान आमका सांगूक होया, रे म्हाराजा…”

आणि तो थांबला.

गाऱ्हाणं रेवाला ठाऊक होतं. लग्नानंतर सासरच्या गावी ग्रामदैवतापुढे दोघांना उभं केलं होतं. तिथले मानकरी असंच म्हणत गेले होते, आणि ते थांबले की सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, असं वसुंधराबाईंनी तिच्या कानात सांगितलं होतं. मंत्राला ‘तथास्तु’ म्हणावं तसं. तिला गंमत वाटली होती. मुकीलाही बोलता येईल इतकं सोपं.

म्हातारा थांबलेलाच होता. दुसरी कुठलीही मालिका एवढा वेळ थांबत नाही. त्याच्यासमोर बाकीची पात्रं असायला हवी होती, पण तो कुणाकडेच बघत नव्हता. तो सोफ्याकडे बघत होता.

खोलीत भाजी निवडायचा आवाज बंद झाला.

“व्हय म्हाराजा,” रेवा म्हणाली. हसत.

म्हाताऱ्यानं मान हलवली. लगेच मसाल्याची जाहिरात लागली.

जेवताना वसुंधराबाईंनी सुरमईचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या ताटात वाढला. आणि सासरे, जे तिच्याशी कामापुरतं बोलायचे, म्हणाले, “बाळा, पोटभर जेव.” रेवाला वाटलं, किती साध्या गोष्टीचं कौतुक करतात ही माणसं.

३

दिवस गेले तसं दोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या.

एक म्हणजे अजिंक्यची निळी बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर कोरडी पडून होती. दुसरी म्हणजे तिला स्वतःला तहान लागत होती.

त्यात नवल करण्यासारखं काही नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. कराडची मुलगी आखातात आली, वर दिवसभर एसी, तहान लागणारच. दाराशी पाण्याचे वीस लिटरचे कॅन उभे असायचे. माणूस आणून देई तेव्हा वसुंधराबाई त्याला म्हणत, “यल्ला, और दो रखो.” रेवा ग्लासानं प्यायची, मग तांब्यानं, मग कॅनखाली थेट पातेलं धरून. पाणी पोटात पोचायचं. तहानेपर्यंत पोचायचं नाही.

“तुला शुगर आहे का?” तिनं एका शुक्रवारी अजिंक्यला विचारलं. दोघं मत्रहच्या समुद्रकाठी बसले होते. सुट्टी असल्यामुळे सगळा भारत तिथं फिरायला आल्यासारखा दिसत होता.

तो हसला. अजिंक्यचं लहानपण इथल्या इंडियन स्कूलमध्ये गेलं होतं, आणि त्याचं मराठी भाड्यानं आणल्यासारखं, जपून वापरलेलं असायचं. “सगळे हेच विचारतात. म्हणजे, विचारायचे. स्कूलमध्ये मला वॉटर टँकर म्हणायचे. हंड्रेड टाइम्स टेस्ट केली. काही नाही निघालं. आणि आता बघ, ऑटोमॅटिकली गेलं. आय थिंक, लग्नामुळे.”

त्याचे कान लाल झाले नव्हते.

“त्या मालिकेतला म्हातारा,” ती म्हणाली, “तो माझ्याकडेच बघतो असं वाटतं मला.”

“तो गाऱ्हाणेवाला अंकल? यार, तो पुष्कळ वर्षं आहे. मी लहान होतो तेव्हा एक कोर्टाची सीरियल होती, त्यात पण तो. मग ती सासू-सुनेची होती, त्यात पण. सेम डायलॉग. मला वाटायचं, किती काम मिळतं याला.”

“सेम डायलॉग?”

“हो ना. मी बोलायचो, व्हय म्हाराजा. आई खूश व्हायची.” त्यानं आईस्क्रीमचा कागद घडी करून खिशात ठेवला. तेवढ्यापुरता तो टापटिपीचा होता. “व्हॉट डज इट मीन, बाय द वे? मी कधी विचारलंच नाही.”

रेवानं समुद्राकडे पाहिलं. एवढं पाणी, आणि तिची जीभ टाळूला चिकटलेली.

४

तिसऱ्या मजल्यावर हाफिजा राहायची. रत्नागिरीकडची, वय चाळिशीच्या आत, हसली की अख्खा जिना हसायचा. तिचा नवरा उस्मान निझव्याला खजुराच्या व्यापारात होता आणि आठवड्यातून एकदाच घरी यायचा. हाफिजाही ‘वाळीतले’ बघायची.

“काय गो, त्या सुइणीला काय मारलानी! मी तर उशी धरून बसले होते,” ती म्हणाली. रेवा कढीपत्ता मागायला वर गेली होती. कढीपत्ता घरात भरपूर होता.

“आणि ते गाऱ्हाणं घालणारे आजोबा? ते कोण, त्यांचं काही दाखवतच नाहीत.”

“कुठले आजोबा?”

“ओसरीवर बसतात ते. रोज.”

हाफिजानं तिच्याकडे पाहिलं. “तुझं आमचं चॅनल एकच ना? आमच्याकडं आजोबाबिजोबा कोण नाय बा. तुमच्या डिशवर वेगळं दाखवत असतील.”

हे रेवाला पटलं. पटवून घेतलं म्हणा. वरच्या घरी फोनच्या अ‍ॅपवरून टीव्हीला जोडलेलं होतं, खाली जुनी डिश. काहीतरी कापत असतील, काहीतरी जोडत असतील. परदेशातल्या प्रेक्षकांसाठी वेगळ्या जाहिराती असतात, तसा वेगळा म्हातारा. एवढं सोपं उत्तर मिळाल्यावर माणसानं कढीपत्ता घेऊन घरी जावं. पण रेवाला लहानपणापासून एक खोड होती. उत्तर सोपं निघालं की ती ते पुन्हा तपासायची.

दुसऱ्या दिवशी भाग सुरू व्हायच्या बेतात ती सासूबाईंना म्हणाली, “हाफिजाताईंकडे जाऊन येते. वडे शिकवणार आहेत.”

“आत्ता?” वसुंधराबाईंच्या हातातली शेंग परातीत पडली. “उद्या जा ना. आत्ता बस.”

“येतेच लगेच.” आणि त्या काही म्हणायच्या आत ती बाहेर पडली. जिन्यात तिला मागून दार उघडल्याचा आवाज आला, पण हाक आली नाही.

वर हाफिजानं मगरिबची अजान होती म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला होता. अजान संपली, आवाज आला. तो आठवडा पोलीसपाटलाचा होता. त्याच्या अंगणात पावडर लावलेली भुतं गोळा झाली, ढोल वाजला, पाटील ओरडला, आणि जिथं रोज म्हातारा यायचा तिथं एक विजेचा लखलखाट झाला आणि मसाल्याची जाहिरात लागली.

“बघ,” हाफिजा म्हणाली. “कुठाय तुझा आजोबा? थांब, चहा टाकते.”

रेवाही तिच्यामागून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर, एक्झॉस्टच्या पंख्यामागे, खालपासून वरपर्यंत जाणारी डक्ट होती. पंखा बंद होता. खालच्या घरांचे वास त्यातून वर यायचे. कधी फोडणीचा, कधी लोबानाचा.

आज आवाज आला.

“…आमचा काय चुकला, ता ह्या घरातल्या माणसान आमका सांगूक होया, रे म्हाराजा…”

मग शांतता. तिच्याच घरातली शांतता, एक मजला वर ऐकू येणारी. सासूबाई तिथं होत्या, सासरे होते. दोघांनाही ‘व्हय म्हाराजा’ म्हणता येत होतं, दोघं त्या गावचे होते. पण कुणी बोललं नाही. फक्त पेपर चुरगळल्यासारखा आवाज झाला.

आणि मग तोच म्हातारा आवाज, गाऱ्हाण्याच्या सुरात नाही, साधा, शेजारी चौकशी करतात तसा:

“आज नवी सून खय गेली?”

हाफिजा दूध ओतता ओतता थांबली. “तुझे सासरे खूप जोरात टीव्ही लावतात गो,” ती म्हणाली.

५

रात्री काही झालं नाही. सकाळी अजिंक्यचा फोन आला. तो पहाटेच कंपनीच्या कामावर निझव्याला गेला होता.

“रेवा, ते परत सुरू झालं,” तो म्हणाला. त्याचा आवाज घासलेल्या भांड्यासारखा येत होता. “वाटेत पेट्रोल पंपावर उतरलो, बाटल्या घेतल्या. संपल्या सगळ्या. माझे ओठ फुटलेत. अर्बाब, आमचा बॉस, म्हणतो हॉस्पिटलला जा. तू आईला नको सांगू.”

रेवानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. तिचा स्वतःचा घसा कित्येक दिवसांत पहिल्यांदाच गार, ओला होता. म्हणजे ती बोलली नाही, तर तहान त्याला.

वसुंधराबाई बांगडे साफ करत होत्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

“अजिंक्यला लागली ना परत?”

“आई, तो माणूस कोण आहे?”

“टीव्हीतला आहे. टीव्हीतला आहे तोवर टीव्हीतच असूदे.” त्यांनी नळ सोडला आणि हात धुवायचे विसरून त्याकडे बघत राहिल्या. “एक वर्ष आम्ही टीव्ही ठेवलाच नव्हता घरात. तेव्हा तो दाराशी यायला लागला. बेल नाही वाजवायचा. नुसता यायचा. मग ह्यांनी नवा टीव्ही आणला.”

“पण कोण?”

“गावातलं घर होतं त्यांचं. वाळीत टाकलेलं. गावचा नियम असा, की त्यांच्याशी बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. देवळात नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शब्द दिला होता. त्या उन्हाळ्यात विहिरीवर राखणीची पाळी ह्यांची होती. म्हातारा तहानलेल्या लेकराला घेऊन आला. आमचं काय चुकलं, विचारत राहिला. हे दुसरीकडे बघत राहिले. तरुण होते ग. अंगात जोर होता, शब्द पाळायचा.”

“त्यांचं चुकलं काय होतं?”

“मला काय ठाऊक? मी मागाहून लग्न होऊन आले.” वसुंधराबाईंनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. “मलापण मधेच बसवलं होतं. माझ्या वेळी रेडिओ होता.”

नळ वाहतच होता.

“सहा वर्षं पाणी प्याले मी. मग इथं आलो, अजिंक्य झाला. तो बोलायला लागला ना, तेव्हा लोकांची मुलं आई म्हणतात, बाबा म्हणतात. हा टीव्हीकडे बघून म्हणाला, व्हय. आम्ही किती हसलो. आणि त्या दिवसापासून माझा घसा मोकळा.” त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. “आईनं हसावं का ग अशा वेळी? पण हसले मी.”

रेवानं नळ बंद केला. तिला या बाईचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो राग तिथं ओट्याशी थांबेना. तो बाहेरच्या खोलीत, सोफ्यामागच्या खुर्चीकडे जात होता.

“‘व्हय’ म्हणजे आपण कबूल करतो ना? की सांगू म्हणून. रोज कबूल करतो आणि सांगत नाही.”

“आपल्याला माहीत कुठाय, सांगायला?”

“बाबांना माहीत आहे.”

“ते बोलणार नाहीत. शब्द आहे त्यांचा.” आणि मग हळूच, सुनेशी कधी न बोललेल्या मालवणीत, “माझ्या बाय, आज बस गो. माझो झील, माझो अजिंक्य मरात.”

६

त्या दिवशी दुपार सरता सरेना. अजिंक्यला हॉस्पिटलात सलाईन लावलं होतं. उस्मानभाई त्याच्या उशाशी बसले होते आणि हाफिजा वर-खाली करत निरोप देत होती. “अजून मागतोय पाणी. डॉक्टर बोलतात, सगळं नॉर्मल.”

रेवानं मनाशी सगळ्या वाटा तपासल्या. मधे बसून ती ‘व्हय’ म्हणू शकत होती. आज अजिंक्य वाचेल, ती सुकत जाईल, आणि काही वर्षांनी या घरात कुणीतरी बोलायला शिकेल. हसतील सगळे. नाही म्हणाली, किंवा वर हाफिजाकडे जाऊन बसली, तर अजिंक्य. विमानात बसून कराडला गेली तरी अजिंक्यच. वाटा तीन दिसत होत्या आणि तिन्ही एका खुर्चीला वळसा घालून जात होत्या.

सासरे नेहमीसारखे कामावरून आले. एसीच्या कंपनीत फोरमन, पोरंसोरं त्यांना आदरानं रमणसेठ म्हणायची. येताना त्यांनी तिच्यासाठी हलव्याचा डबा आणला होता, केशर घातलेला. “अजिंक्य ठीक होईल. इन्शाल्ला,” ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. चांगला माणूस होता. हेच तिला सगळ्यात भीतीदायक वाटलं.

डोंगरावरचा उजेड वांगी रंगाचा झाला. टीव्ही लागला. वसुंधराबाई परात घेऊन टोकाला बसल्या, परातीत भाजी नव्हती. सासरे मागे खुर्चीत. रेवा मधे बसली.

म्हातारा आला तेव्हा तो एकटा नव्हता. ओसरीवर त्याच्या मागे, जिथं नेहमी काळोख असायचा, तिथं कुणीतरी उभं होतं, आणि त्याच्याही मागे. म्हातारा ओसरीच्या कडेपर्यंत पुढे सरकला होता. त्यानं गाऱ्हाणं घातलं, शब्दही न बदलता, आणि थांबला.

रेवाच्या घशात ते दोन शब्द आपोआप येऊन बसले. सवय झाली होती. तिनं ते गिळले, आणि उठली.

“रेवा,” मागून सासरे म्हणाले, “बस.”

ती सोफ्यावरून बाजूला झाली, भिंतीला लागून उभी राहिली आणि टीव्हीकडे पाहिलं. म्हाताऱ्याची नजर तिच्या मागोमाग वळली नाही. ती जिथं होती तिथंच राहिली, तिच्या रिकाम्या जागेतून आरपार, सोफ्याच्या पाठीवरून, खुर्चीकडे. इतक्या दिवसांत तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या आडून बघायचा प्रयत्न करत होता.

सासऱ्यांनी पेपर वर धरला.

“बाळा, बस म्हणतो ना,” पेपराच्या आडून आवाज आला. “गावाचा शब्द आहे. माझ्या एकट्याचा नाही.”

“रेवा, माझ्यासाठी बस ग,” वसुंधराबाई म्हणाल्या. “नाहीतर मी बसते. मी बसते मधे, माझं आयुष्य झालं…” त्या सरकायला लागल्या. परात घरंगळत खाली गेली.

रेवानं रिमोट उचलला.

“बंद नको करूस!” वसुंधराबाई ओरडल्या. “अगं, तो मग…”

तिनं टीव्ही बंद केला.

खोली एकदम लहान झाली. एसीची घरघर, बाहेर कुठंतरी टॅक्सीचा हॉर्न. कुणी दार वाजवलं नाही. रेवा दाराकडे बघत होती, वसुंधराबाईही दाराकडे बघत होत्या. दार जसंच्या तसं, साखळी लावलेली, खाली पाण्याचे कॅन. काहीच झालं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर टीव्हीच्या काळ्या काचेवर गेली.

काचेत खोली दिसत होती. सोफा, त्याच्या मधल्या जागेकडे अर्धवट सरकलेली सासू. मागे खुर्ची. खुर्चीत पेपर धरलेले सासरे, पेपराच्या कडा हलत होत्या. आणि खुर्चीच्या मागे, जिथं भिंतीला लागून फक्त इस्त्रीचं टेबल होतं, तिथं दाटीवाटीनं माणसं उभी होती. तिनं मोजली नाहीत. एक जण अगदी लहान होतं, खुर्चीच्या पाठीएवढं, आणि त्यानं दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली होती. म्हातारा वाकला होता. राग नव्हता त्याच्या वाकण्यात. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तोच प्रश्न परत विचारायचा असला की आपण वाकतो, तसा तो सासऱ्यांच्या कानाशी वाकला होता.

सासऱ्यांचा पेपर खाली आला. त्यांचे ओठ, तिच्या डोळ्यांदेखत, कोरडे पडत चालले होते. त्यांनी जीभ फिरवली. मग त्यांची मान हळूहळू मागे वळायला लागली, जणू कुणी खांद्याला हात लावला.

वसुंधराबाईंनी डोळे मिटून घेतले.

रेवानं मिटले नाहीत. तिचा आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला, इतका तो मोठा आणि स्वच्छ आला.

“बाबा, मागे बघू नका. आधी उत्तर द्या.”